हातात किती, परत किती

«सप्रेम नमस्कार. मी बँकेतून निवृत्त झाले. एका संस्थेच्या सांगण्यावरून घरकाम करणाऱ्या, कचरा वेचणाऱ्या, हातगाडी लावणाऱ्या बायकांसाठी पैशाच्या व्यवहारांचा दोन महिन्यांचा वर्ग घेते. अंदाजपत्रक, बचत, चक्रवाढ व्याज, महागाई, विमा, सगळं शिकवते. चित्रं दाखवते, गोष्टी सांगते. सगळ्या माना डोलावतात, शेवटच्या चाचणीत बहुतेक जणी पासही होतात. पुढे मात्र पहिले पाढे पंचावन्न. वर्गातल्या सगळ्यात हुशार बाईनं वर्ग संपल्यावर ‘महिन्याला फक्त दोन टक्के’ म्हणणाऱ्या एकाकडून १२,००० चं कर्ज उचललं. कागद मला दाखवलासुद्धा नाही. वर हातात नवा मोबाइल! ह्या बायकांना बचतीचं महत्त्व पटवायचं तरी कसं? की वर्ग बंदच करू?
— एक निवृत्त बँक कर्मचारी»

ताई,

वर्ग बंद करू नका. बचतीचं महत्त्व पटवायचं मात्र बंद करा. ते त्यांना पटलेलं आहे, तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त. ज्या बाईची कमाई आज आहे आणि उद्या असेलच असं नाही, ती तरीही भाडं, शाळेची फी आणि औषधपाणी ओढत नेते. तिच्या डोक्यात अंदाजपत्रक रोज सकाळी तयार होतं आणि संध्याकाळी मोडतं. तिला ‘आधी खर्च लिहून काढा’ सांगणं म्हणजे रोज नदी पोहून शाळेत जाणाऱ्या पोराला पाण्याचे फायदे समजावणं.

हे मी नुसतं चांगुलपणानं म्हणत नाही. बांगलादेश, भारत आणि दक्षिण आफ्रिकेतल्या अडीचशेहून जास्त गरीब कुटुंबांकडे संशोधक वर्षभर, दर पंधरा दिवसांनी जात राहिले आणि पै-पैची नोंद करत राहिले. २००९ मध्ये ते काम प्रसिद्ध झालं. प्रत्येक घरात कुठली ना कुठली बचतही होती आणि कर्जही होतं. वर्षभरात चारपेक्षा कमी प्रकारची साधनं वापरणारं एकही घर सापडलं नाही. कुणाचे पैसे शेजारणीकडे ठेवायला दिलेले, कुणाची मालकाकडे उचल, कुठे भिशी, कुठे दुकानातली उधारी. कमाई थोडी होती हे खरंच. पण ती कधी येईल याचा भरवसा नव्हता, ही त्याहून मोठी डोकेदुखी. अशा घरात कर्ज घेणं म्हणजे उधळपट्टी असं समीकरण बसत नाही. पुष्कळदा दोन कमायांमधला खड्डा बुजवायचा तोच एक मार्ग असतो.

मग ह्या बायकांना कमी काय पडतं? स्वतःच्या पैशाचं त्यांना कळतं. समोरच्यानं पुढे केलेल्या कागदात काय आहे ते कळत नाही, आणि ते विचारायची सवय कुणी होऊ दिलेली नाही. तुमच्या वर्गात पहिल्या गोष्टीवर दोन महिने गेले. दुसरीवर किती गेले, ते तुमचं तुम्हीच आठवून बघा.

आता ते १२,००० घेऊ. बँकेत आयुष्य गेल्यामुळे तुम्हाला हे तोंडपाठ असेल, पण वर्गात तुम्ही ते चक्रवाढीच्या सूत्रानं शिकवलं असणार, आणि सूत्र घरी जाईपर्यंत विरून जातं. त्याऐवजी टेबलावर बारा खडे मांडा. एक खडा म्हणजे हजार. ‘महिन्याला दोन टक्के’ म्हणजे दर खड्यामागे महिन्याला २०. पहिल्या महिन्यात बारा खड्यांचे २४० झाले. आता एका बाईला एक खडा उचलून परत द्यायला सांगा. टेबलावर अकरा राहिले. अकराचं व्याज किती? २२०. पुढच्या महिन्यात दहा खडे, २००. असं करत शेवटच्या खड्यापर्यंत या. सगळं व्याज मिळवलं की १,५६० होतं.

मग असल्या कर्जाचा कागद बहुधा कसा चालतो ते त्याच खड्यांवर दाखवा. तिचा कागद आपण पाहिलेला नाही, म्हणून मुदत बारा महिन्यांची धरू. तिथे बारा महिने, दर महिन्याला २४०. टेबलावर पाच खडे उरले तरी २४०, शेवटचा एकच उरला तरी २४०. एकूण २,८८०. मूळ रकमेवर सरसकट व्याज म्हणतात ते हे. इथे थांबा आणि विचारा, ‘जे खडे आपण परत देऊन टाकले, त्यांचं व्याज आपण कशाला भरतोय?’ उत्तर तुम्ही देऊ नका. ते वर्गातून येईल, आणि बहुधा शिवीसकट येईल. येऊ द्या.

ह्या कर्जाचा हप्ता पडतो १,२४०. घटत्या रकमेवर काढलं तर ‘महिन्याला दोन’, म्हणजे वर्षाला २४ टक्के म्हणून सांगितलेलं ते व्याज प्रत्यक्षात ४२ टक्क्यांच्या जवळ जातं. अजून एक बघा. बहुतेक ठिकाणी ‘कागदपत्रांचा खर्च’ म्हणून काही रक्कम आधीच कापून घेतात. समजा ६०० कापले. बाईच्या हातात आले ११,४००, परत जाणार १४,८८०. आता तोच दर ५२ टक्क्यांच्या आसपास पोचला. पण ४२ आणि ५२ हे आकडे तुमच्यासाठी. बाईला टक्केवारी पाठ करायला लावू नका. टक्का हे समोरच्याचं हत्यार आहे. तो दोन म्हणेल, दीड म्हणेल, दिवसाला एक पैसा म्हणेल. तिला दोनच आकडे मागायला शिकवा: हातात किती येणार आणि परत एकूण किती जाणार. दोन वेगवेगळ्या ठिकाणची कर्जं ताडून बघायची असतील तर रक्कम आणि मुदत सारखी धरून हेच दोन आकडे शेजारी शेजारी ठेवायचे. वजाबाकी ज्या बाईला येते (आणि हिशेबात फसवलेली बाई वजाबाकी कधीच विसरत नाही), तिला एवढं पुरतं.

तिसरा प्रश्न हप्ता कोणत्या दिवशी, आणि एखादा चुकला तर काय. दंड किती, दारात कोण येणार, कुणाला सांगणार. चौथा, कागदाची प्रत मला कधी मिळणार. गटानं कर्ज असेल तर पाचवा, सगळ्यात अवघड: हिनं भरलं नाही तर माझ्याकडून घेणार का? जामीन म्हणून सही करणं ही ओळख पटवायची सही नव्हे. ती कर्ज फेडायची तयारी आहे. नात्यातल्या माणसासाठी सही करताना हे कुणी उच्चारत नाही, कारण उच्चारलं की अविश्वास दाखवल्यासारखं होतं.

प्रश्न माहीत असणं वेगळं आणि तोंडातून निघणं वेगळं. समोर इस्त्रीचे कपडे घातलेला माणूस, मागे रांग, तो पेन पुढे करून म्हणतो, ‘इथे, इथे आणि इथे.’ त्या क्षणी तुमचा अख्खा अभ्यासक्रम हवेत जातो. म्हणून वर्गात त्या क्षणाची तालीम घ्या. एक जण कर्ज देणारा होईल, त्यानं घाई करायची, चिडायचं, ‘बाकीच्या बायका नाही विचारत बुवा’ म्हणायचं. दुसरीनं एकच वाक्य म्हणायचं: ‘कागद घरी नेऊन वाचते, उद्या सही करते.’ पहिल्यांदा आवाज फुटत नाही, हसू फुटतं. तिसऱ्या-चौथ्या खेपेला वाक्य सरळ येतं. कर्ज देणाऱ्याची भूमिका बायका इतकी हुबेहूब वठवतात की आपण गप्प बसून ऐकावं. कुठल्या कुठल्या युक्त्या वापरल्या जातात त्याची यादी तुम्हाला आयती मिळेल. उद्यापर्यंत न थांबणारा देणारा भेटला, तर ती गोष्टही बरंच काही सांगते.

तुमची हुशार विद्यार्थिनी कागद घेऊन तुमच्याकडे का आली नाही, ह्याचाही विचार करा. मला वाटतं, तुम्ही रागवाल म्हणून. दोन महिने ‘कर्ज वाईट’ ऐकलेली बाई कर्जाचा कागद घेऊन कशी येईल? आणि तो मोबाइल कामाची वर्दी घेण्यासाठी असेल, मुलाच्या अभ्यासासाठी असेल, नाहीतर निव्वळ हौस असेल. हौस तुम्हीही करता, मीही करते. आपल्याला त्याचा हिशेब कुणी मागत नाही, एवढाच फरक. ज्या वर्गात विद्यार्थिनीच्या हातातली वस्तू न्याहाळली जाते, तिथे ती पुढच्या वेळी पाकीट पदराआड धरून येते.

तुमच्या निराशेत थोडं तथ्य आहे, तेही सांगते. २०१४ मध्ये तीन अभ्यासकांनी २०१ जुन्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. माणसामाणसांच्या आर्थिक वागण्यात जो फरक दिसतो, त्यातला जेमतेम ०.१ टक्के असल्या शिक्षणामुळे पडलेला असतो, आणि कमी उत्पन्नाच्या गटांत परिणाम आणखी फिका असतो, असं त्यांना दिसलं. शिकलेलं काळाबरोबर झिजतं. वीस महिने उलटल्यावर भरपूर तासांच्या वर्गाचाही मागमूस राहत नाही. पुढे २०२२ मध्ये ७६ प्रयोगांचा आढावा आला. हे प्रयोग चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले, म्हणजे जास्त भरवशाचे. त्यात निकाल पुष्कळ बरा निघाला: ज्ञानही वाढतं, वागणंही बदलतं. मी दोन्हींना मान देते. त्यातून मी घेतलेला अर्थ असा की ‘शिकवल्यानं फरक पडतो का’ हा प्रश्न फार ढोबळ आहे. काय शिकवलं आणि नेमकं केव्हा, ह्यावर सगळं आहे. पहिल्या आढाव्यातल्या मंडळींनीही निर्णयाच्या ऐन वेळी मिळणाऱ्या शिक्षणाची बाजू घेतली होती.

‘काय’ बद्दल मला सगळ्यात आवडलेला प्रयोग डॉमिनिकन रिपब्लिकमधला. छोटे धंदे करणाऱ्या कर्जदारांच्या एका गटाला रीतसर हिशेबशास्त्र शिकवलं, जमाखर्च वगैरे. दुसऱ्या गटाला ढोबळ नियम दिले. त्यातला मुख्य नियम: धंद्याचा पैसा एका खणात, घरचा दुसऱ्या खणात; एकातून दुसऱ्यात घेतला तर चिठ्ठी टाकायची. रीतसर शिकलेल्यांमध्ये म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. खणवाल्यांचे हिशेब सुधारले. हातगाडीवाल्या बायकांना दोन पिशव्या द्या, दोन रंगांच्या. ताळेबंद राहू दे.

‘केव्हा’ बद्दल तमिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांचा एक अभ्यास आहे, २०१३ मधला. त्याच शेतकऱ्यांची विचारशक्तीची चाचणी कापणीआधी हात तंग असताना घेतली आणि कापणीनंतर पैसा आल्यावर घेतली. आधीचे गुण कमी आले. माणूस तोच, अक्कल तीच. चिंतेनं डोकं अडवून ठेवलेलं. तुमचा वर्ग महिनाअखेरीस, दिवसभराच्या कामानंतर असेल, तर समोरच्या माना का डोलतात हे वेगळं सांगायला नको. वेळ बदला. आणि ‘दोन महिने, मग प्रमाणपत्र’ हा साचा मोडता आला तर मोडा. त्याऐवजी आठवड्यातला एक ठरलेला तास ठेवा, वर्षभर. त्या तासाला शिकवायचं काही नाही. ज्या बाईकडे कागद आहे तिनं तो घेऊन यावं: कर्जाचा, विम्याचा, घरभाड्याचा, मोबाइलवर आलेला संदेश असला तरी चालेल. सही आधी झालेली असली तरीही यावं. हे शेवटचं वाक्य फळ्यावर लिहून ठेवा, नाहीतर सही केलेल्या बायका कधीच फिरकणार नाहीत, आणि खरी गरज त्यांनाच असते. मुदतीआधी फेडलं तर व्याज सुटतं का, दंड कुठल्या हिशेबानं लावला, तक्रार कुठे करायची, हे सही केल्यानंतरचेच प्रश्न आहेत.

बचतीबद्दल. उपदेश सोडा म्हटलं, तजवीज सोडा असं नाही. पैसा घरात राहिला की त्याला पाय फुटतात: नवरा मागतो, दीर मागतो, शेजारचं पोर आजारी पडतं. ‘नाही’ म्हणायला बाईला निमित्त लागतं. केनियात एका प्रयोगात लोकांना औषधपाण्याच्या खर्चासाठी साधी कुलपाची पेटी दिली, किल्ली ज्याची त्याच्याकडे. एवढ्यानं आजार टाळण्यावरचा खर्च वाढला. दुसऱ्या गटाची किल्ली संस्थेच्या माणसाकडे ठेवली, तर ह्या कामी ती पेटी फारशी चालली नाही, कारण ऐन वेळी हाताशी नसलेला पैसा गरिबाला परवडत नाही. ‘मुदत ठेवीत अडकवून टाका’ असा सल्ला देण्याआधी हे लक्षात घ्या. चौघींसमोर बचत करायची असेल तर नायजरमध्ये १९९१ मध्ये केअर ह्या संस्थेनं सुरू केलेली पद्धत आजही पुष्कळ देशांत चालते: गटाची एक पेटी, तिला तीन कुलपं, तीन किल्ल्या तीन वेगळ्या सभासदांकडे, उघडायची ती सगळ्यांच्या देखत, आणि वर्षाअखेरीस सगळा पैसा वाटून टाकायचा. वर्षाला वाटप होतं म्हणून घोटाळा फार काळ दडत नाही. तुमच्या बायका भिशी चालवत असतील तर ती मोडायला लावू नका. मेक्सिकोत तांदा, केनियात चामा, इंडोनेशियात अरिसान, सगळीकडे हेच चालतं. फक्त एवढं बघा की चालवणारी व्यक्ती ओळखीची आहे का, सगळ्या जणी एकत्र बसतात का, आणि कुणी जास्तीचा परतावा तर कबूल करत नाही ना. साध्या भिशीत भरलं तेवढंच परत येतं. दामदुप्पट मिळणार म्हणाले की ती भिशी राहिली नाही, पळ काढायची वेळ आली.

मोबाइलवरच्या फसवणुकीवर एक तास पुरे. कुणाकडून आपल्याला पैसे यायचे असतील तर आपला पिन टाकावा लागत नाही. टाकायला सांगणारा चोर. फोनवर आलेला ओटीपी पोटच्या मुलालाही सांगायचा नाही.

आणखी एक गोष्ट तुमच्या संस्थेला सांगावी लागेल, आणि ती त्यांना रुचेल असं नाही. मजुरी वेळेवर न मिळणं, आजारपणात घरी बसावं लागणं, कागदावर बारीक अक्षरात छापलेली अट, ह्यांतलं काहीही बाईच्या अडाणीपणामुळे घडत नाही. २०१५ मध्ये जाहीर झालेल्या जागतिक पाहणीत दीड लाखांवर प्रौढांना व्याज, महागाई, जोखीम ह्यांवर अगदी साधे प्रश्न विचारले होते. तिघांपैकी एकालाच पुरेशी समज असल्याचं निघालं. शिकलेसवरलेलेही कागद न वाचताच सही करतात. त्यांच्या चुकीची किंमत पगारातून भागते, एवढंच. तेव्हा कर्ज देणाऱ्यानं एकूण परतफेडीचा आकडा ठळक अक्षरात, बाईच्या भाषेत लिहून द्यावा ही मागणी संस्थेनं लावून धरली पाहिजे. वर्ग चालवणं सोपं, फोटो चांगले येतात. ही मागणी कटकटीची आहे.

त्या विद्यार्थिनीकडे तुम्हीच जा. तिला वर्गात बोलावून उदाहरण करू नका. कागद मागा, हप्ते कितीवर आलेत बघा, खडे मांडून दाखवा, आणि तिनं परवानगी दिली तर त्याच कागदावर पुढचा तास घ्या, नाव झाकून. खडे मांडायचं काम तिलाच द्या. इतर बायका तुमच्यापेक्षा तिचं जास्त ऐकतील. आणि संस्था अहवालासाठी चाचणीचे गुण मागेल तेव्हा तिला दुसरे आकडे द्या: सहीआधी किती कागद वर्गात आले, त्यांतले किती सही न करता परत गेले, किती ठिकाणी कापलेली रक्कम विचारल्यावर कमी झाली. पहिले काही महिने हे आकडे लहान असतील. तसेच लिहा.